मानवी तस्करीतून सुटलेल्या व्यक्तीचा सोबती होताना: पहिल्या भेटीपासून निरोपापर्यंत

मानवी तस्करी म्हटलं की डोळ्यांसमोर अपहरण येतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा सुरुवात ओळखीतून होते. कुणीतरी आपुलकीने विचारपूस करतं, अडचणीत पैसे पुढे करतं, नोकरीचं, लग्नाचं किंवा शिक्षणाचं आश्वासन देतं आणि हळूच बजावतं, "घरी एवढ्यात सांगू नकोस." तुम्ही जिच्याशी मैत्री करायला निघाला आहात, तिला मैत्रीच्याच वाटेने अडकवलेलं असू शकतं. स्वयंसेवक सोबत्याचं काम अवघड आहे ते यामुळेच. भेटवस्तू, उपकार, गुपितं, मोठी आश्वासनं, दुसऱ्याच्या वतीने घेतलेले निर्णय ही तस्कराची हत्यारं असतात. चांगल्या मनाने वापरली तरी त्या व्यक्तीला ती ओळखीचीच वाटतात. पुढचे जवळजवळ सगळे नियम याच एका गोष्टीतून निघाले आहेत.

व्याख्या आधी पक्की करून घ्या. संयुक्त राष्ट्रांनी २००० साली स्वीकारलेल्या आणि २००३ च्या डिसेंबरपासून लागू झालेल्या पालेर्मो प्रोटोकॉलनुसार तस्करीचे तीन घटक आहेत. पहिला कृती, म्हणजे भरती करणं, नेणं-आणणं, ठेवून घेणं. दुसरा साधन, म्हणजे बळजबरी, फसवणूक किंवा असहायतेचा गैरफायदा. तिसरा हेतू, म्हणजे शोषण. व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर साधन दाखवावं लागत नाही. आणि असं साधन वापरलं गेलं असेल तर तिने "हो" म्हटलं होतं का, हा प्रश्नच उरत नाही. सीमा ओलांडलेली असावी लागत नाही. शोषण लैंगिकच असतं असंही नाही: सक्तीची मजुरी, घरकामातली गुलामी, भीक मागायला लावणं, अवयव काढणं हे सगळं त्यात येतं, आणि पुरुष व मुलगेही त्यात सापडतात. सोबत्याला हे माहीत हवं, कारण कधीतरी समोरून "मी तर स्वतःहून गेले होते" असं वाक्य येतं. त्या क्षणी तुमच्या चेहऱ्यावर शंका दिसता कामा नये.

तुमचं काम कुठे सुरू होतं आणि कुठे थांबतं

सोबती म्हणजे ठरलेल्या वेळी ठरल्या जागी येणारा, पगारासाठी न आलेला, फाइल न भरणारा माणूस. सुटका झालेल्या व्यक्तीभोवती पोलीस, वकील, डॉक्टर, समुपदेशक, केसवर्कर (तिच्या केसची जबाबदारी सांभाळणारा संस्थेचा कार्यकर्ता) असतात. हे सगळे तिला तिच्या भूतकाळाबद्दल विचारतात. तिच्यासोबत नुसतं फिरायला जाणारं, अर्ज भरताना शेजारी बसणारं, तिला काय आवडतं हे विचारणारं मात्र कुणी नसतं. ती जागा तुमची.

तुम्ही समुपदेशक नाही, वकील नाही, तपास अधिकारी नाही. तिला नोकरी देणारे, घर भाड्याने देणारे, स्थळ सुचवणारे किंवा धर्माची वाट दाखवणारेही नाही. नोकरीची ओळख करून द्यायचा मोह सगळ्यांत जास्त होतो. तुमच्या परिचिताकडे नोकरी लागली की तिची मिळकत तुमच्या नात्यावर अवलंबून राहते, आणि तुमच्याशी मतभेद झाला तरी ती तो बोलून दाखवू शकत नाही. जागा दिसली तर माहिती केसवर्करकडे द्या. पुढचं त्यांना करू द्या.

हे काम संस्थेशिवाय, स्वतःच्या हिमतीवर करू नका. चारित्र्य पडताळणी, आधीच्या परिचितांकडून चौकशी, प्रशिक्षण, नेमलेला पर्यवेक्षक आणि रात्री-अपरात्री उचलला जाणारा आपत्कालीन क्रमांक, एवढं नसेल त्या संस्थेसोबत थांबू नका. वेळेचा हिशेब आधी मांडा: साधारण आठवड्यातून एकदा एक ते दोन तास, निदान एक वर्ष. वर्षभरात शहर बदलण्याची, बाळंतपणाची किंवा मोठ्या परीक्षेची शक्यता असेल तर आत्ता नाव देऊ नका. दोन महिन्यांत सोडून जाणारा सोबती हा सोबती न मिळण्यापेक्षा वाईट.

सोबती स्त्री हवी की पुरुष, तिच्या भाषेचा हवा की मुद्दाम वेगळ्या समाजातला, हे तिला विचारूनच ठरवावं. आपल्याच समाजातला सोबती नको, असं अनेकांना वाटतं, कारण बातमी गावापर्यंत पोहोचण्याची भीती असते. दुभाषाही याच कारणासाठी ओळखीपाळखीतला नसावा. तस्कराचे धागे त्याच वर्तुळात असू शकतात. दुभाषा असला तरी बोलताना नजर तिच्याकडे ठेवा, त्याच्याकडे नाही.

पहिली भेट

पहिली भेट संस्थेच्या जागेत, केसवर्करच्या उपस्थितीत, अर्ध्या ते पाऊण तासाची ठेवा. तुम्हाला तिची केस माहीत असण्याची गरज नाही. माहीत हव्यात त्या तीनच गोष्टी: सुरक्षिततेचे धोके, आरोग्याची तातडीची बाब, आणि कोणते विषय किंवा गोष्टी तिला अस्वस्थ करतात. याहून जास्त माहिती संस्था देऊ लागली तर नम्रपणे थांबवा. तिने न सांगितलेलं तुम्हाला ठाऊक आहे हे तिला कळतंच, आणि मग तोल सुरुवातीपासूनच ढळलेला राहतो.

खोलीत आधी तिला खुर्ची निवडू द्या. अनेकांना पाठ भिंतीकडे आणि दार नजरेसमोर हवं असतं. उरलेल्या खुर्च्यांपैकी तिच्या आणि दाराच्या मध्ये येणार नाही अशी तुमची घ्या. दार बंद करायचं की उघडं ठेवायचं, तेही विचारा. हात मिळवायला, खांद्यावर हात ठेवायला, मिठी मारायला पुढे होऊ नका. तिने हात पुढे केला तरच तुमचा.

स्वतःबद्दल थोडं सांगा: नाव, छंद, कोणत्या दिवशी मोकळे असता. पत्ता, मुलांच्या शाळेचं नाव, कामाचं ठिकाण सांगू नका. हे तिच्यावरच्या अविश्वासामुळे नाही. तस्कराने उद्या तिला गाठून दटावलं तर सांगण्यासारखं तिच्याकडे काही नसावं, म्हणून.

"तुम्हाला काय करायला आवडेल?" हा प्रश्न साधा वाटतो, पण वर्षानुवर्षं कुणी आवड विचारलेलीच नसेल तर माणूस गोठून जातो, नाहीतर "तुम्ही म्हणाल ते" म्हणतो. सुरुवातीला दोनच पर्याय द्या: बागेत चालायचं की वाचनालयात बसायचं? आणि तिसरा नेहमी मोकळा ठेवा: "आज काहीच नको असेल तरी चालेल." पुढे पर्याय वाढवत न्या. काही महिन्यांनी ती तुमचा बेत बदलून स्वतःचा सुचवेल. काम नीट चाललं आहे याची याहून चांगली खूण नाही.

एका पानाचा करार

दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत एक साधा कागद दोघांनी मिळून भरावा, तिला वाचता येईल अशा भाषेत. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवून. त्यात भेटीचा वार, वेळ, जागा लिहा. मेसेजला तुम्ही किती ते किती वाजेपर्यंत उत्तर देता ते लिहा (उदाहरणार्थ सकाळी ९ ते रात्री ८), आणि त्याबाहेरच्या वेळेसाठी संस्थेचा क्रमांक. भेट रद्द करायची तर दोघांनीही आदल्या दिवशी कळवायचं. नातं कधी संपणार ती तारीख. आणि सर्वांत महत्त्वाची ओळ: सोबती बदलून हवा असेल तर कारण न देता केसवर्करला सांगता येईल.

गोपनीयतेची कलमं याच कागदावर हवीत. तुमच्यात झालेलं बोलणं बाहेर जाणार नाही, अपवाद तीन: तिच्या जिवाला धोका, दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका, एखाद्या मुलाचा छळ होत असल्याची माहिती. तस्कराने पुन्हा संपर्क केला तर तो बहुतेक वेळा पहिल्या अपवादातच मोडतो. तेही तोंडी स्पष्ट करा. हे तिने काही सांगण्याआधी सांगायचं असतं. सांगून झाल्यावर "हे मला पुढे कळवावं लागेल" म्हटलं तर तो विश्वासघातच ठरतो. "तुम्हाला एक सांगू? कुणाला सांगणार नाही ना?" असं तिने विचारलं की लगेच थांबवा: "सांगा, पण आपले ते तीन अपवाद लक्षात आहेत ना?" मग सांगायचं की नाही हे ती ठरवेल.

पैसा, कागदपत्रं, फोन

सोबत्यांच्या हातून सगळ्यांत जास्त घोळ याच तीन ठिकाणी होतात.

पैसे उसने देऊ नका, घेऊ नका, कितीही किरकोळ असोत. कर्जाच्या बोज्याखाली राबवून घेणं ही तस्करीची जुनी पद्धत आहे. "आधी माझे पैसे फेड" हे वाक्य अनेकांनी रोज ऐकलेलं असतं. तुम्ही बसचं भाडं भरलंत आणि ते विसरूनही गेलात, तरी ती विसरत नाही. पुढच्या भेटीला पैसे जमले नाहीत म्हणून ती येतच नाही आणि तुम्हाला कारण कळत नाही. त्यामुळे प्रवासखर्च संस्थेने तिच्या हातात आगाऊ द्यावा आणि भाडं तिचं तिने भरावं. भेटवस्तूंचंही तेच. संस्थेचा नियम असेल तेवढंच, तेही पर्यवेक्षकाला सांगून. तिने हाताने बनवलेलं काही दिलं तर घ्या, मनापासून आभार माना, नोंद करा. नाकारणं तिच्या जिव्हारी लागतं.

तस्कर बहुतेकदा पहिल्यांदा ओळखपत्र काढून घेतो. म्हणून तिची कागदपत्रं तुमच्या पिशवीत कधीच जाता कामा नयेत, "हरवतील, मी सांभाळते" म्हणूनसुद्धा नाही. अर्ज भरताना कार्ड तिच्या हातात राहू द्या आणि क्रमांक तिने वाचावा. काउंटरपलीकडच्या माणसाने कार्ड मागितलं तर ते तिने द्यावं आणि परतही तिच्याच हातात यावं. तो तुमच्याकडे सरकवू लागला तर हात मागे घ्या आणि तिच्याकडे बोट दाखवा. तुमच्या फोनमध्ये त्याचा फोटो काढून ठेवू नका. एटीएमवर ती पिन टाकत असताना पाठ फिरवून उभे राहा, आणि तिने स्वतःहून सांगितला तर "मला नको, हा फक्त तुमचा" एवढंच म्हणा.

फोनच्या बाबतीत घाई करू नका. जुन्या सिमवर, ई-मेल खात्यावर किंवा व्हॉट्सॲपच्या जोडलेल्या उपकरणांमध्ये तस्कराचा हात असू शकतो. लोकेशन शेअरिंग चालू राहिलेलं असू शकतं. पण तुम्ही पाहिलंत आणि लगेच बंद केलंत, तर पलीकडच्याला कळतं की ही सावध झाली, आणि धोका वाढू शकतो. आधी केसवर्करला कळवा, सुरक्षिततेची योजना करा, मग तिच्या संमतीने, तिच्या हातूनच बदल करा. फोन तिच्या हातातून घेऊ नका. तुमच्याकडून एवढं पाळा: सोबत फोटो नाहीत, स्टेटसवर "आज एका खास मैत्रिणीसोबत" नाही, समाजमाध्यमांवर एकमेकांना जोडून घेणं नाही. बागेतल्या पाटीचा फोटोही जागा सांगून जातो.

गाडीने न्यायचं असेल तर संस्थेची परवानगी लागेल. बंद गाडी आणि माहीत नसलेला रस्ता ही जोडी अनेकांना थेट मागे घेऊन जाते. पुढे बसायचं की मागे, तिने ठरवावं. दारांचं चाइल्ड लॉक काढलेलं असावं. रस्ता आधी सांगा आणि मध्येच बदलू नका, पेट्रोल भरायलासुद्धा.

ती भूतकाळाबद्दल बोलू लागली तर

तुम्ही विचारायचं नाही. ती बोलली तर ऐकायचं. मध्ये "मग?", "तो कोण होता?", "कधीची गोष्ट?" असे प्रश्न नकोत. कुतूहल आवरण्याला व्यावहारिक कारणही आहे. खटला चालू असेल तर तुम्हाला साक्षीला बोलावलं जाऊ शकतं, तुमच्या नोंदी मागितल्या जाऊ शकतात. आघाताच्या आठवणी तुकड्यातुकड्यांत येतात, क्रम मागेपुढे होतो. तुमच्याजवळ सांगितलेलं आणि पोलिसांना सांगितलेलं यातला फरक दाखवून बचावाचा वकील तिला खोटं पाडू पाहतो. तुमच्या प्रश्नातला एखादा शब्द तिच्या आठवणीत मिसळला, तर नुकसान आणखी मोठं.

"ऐकतेय मी. सांगायला सोपं नसतं हे. जे झालं त्यात दोष तुमचा नाही." एवढं पुरतं. मग विचारा, "हे समुपदेशकांशी बोलावंसं वाटतं का?" उत्तर "नाही" असेल तर ते मान्य करा. निघताना भेट हलक्या विषयावर आणा. उघड्या जखमेसह तिला बसमध्ये बसवू नका.

जिने तिला विकलं किंवा ज्याने तिला राबवलं, त्याची तिला आठवण येते, त्याची बाजूही ती घेते. सोबती इथे गडबडतात. मारणाराच अधूनमधून जेवू घालत होता, औषध आणत होता, आणि जगणं त्याच्याच मर्जीवर होतं. अशा ठिकाणी जडलेली ओढ सुटका झाली म्हणून तुटत नाही. तुम्ही त्याला शिव्या दिल्यात तर ती तुमच्यापुढे त्याचं नाव काढणं बंद करेल, आणि तो पुन्हा फोन करू लागला आहे हे तुम्हाला कधीच कळणार नाही. "आठवण येणं समजू शकते" एवढं म्हणा. संपर्क झाल्याचं कळलं तर तिला सांगून केसवर्करला कळवा.

भेटीची नोंद पाच-सहा ओळींची असावी: तारीख, वेळ, जागा, काय केलं, पुढची भेट कधी, काळजीची बाब असल्यास काय कळवलं. "ती खोटं बोलतेय असं वाटलं" असल्या मतांना तिथे जागा नाही. नोंद संस्थेच्या ठरलेल्या जागीच ठेवा, स्वतःच्या वहीत किंवा फोनमध्ये नाही.

अचानक घाबरगुंडी उडाली तर

निमित्त काहीही असू शकतं: एखादा वास, चाव्यांचा आवाज, गणवेशातला माणूस, पाठीमागून आलेलं पाऊल. नजर एका जागी थिजते, हाक मारली तरी उत्तर येत नाही, श्वास वाढतो, हात थरथरतात.

१. बोलणं थांबवा, दोन पावलं मागे सरका, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर या. स्पर्श करू नका.

२. नाव घेऊन शांत आवाजात सांगा: तुम्ही कोण, आज कोणता वार, आपण कुठे आहोत, आणि ती इथून हवं तेव्हा उठू शकते.

३. डोळे उघडे ठेवायला सांगा. तळपाय जमिनीवर टेकवायला सांगा. मग दिसणाऱ्या पाच वस्तू, हाताला जाणवणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव. सगळं जमलंच पाहिजे असं नाही, पाच वस्तूंतच अनेकजण परततात.

४. "खोल श्वास घ्या" हा सल्ला सगळ्यांना मानवत नाही. श्वासाकडे लक्ष गेल्याने काहींची घाबरगुंडी वाढते. त्याऐवजी थंड पाण्याची बाटली हातात धरायला द्या.

५. ती पूर्ण सावरेपर्यंत थांबा. कशामुळे झालं ते विचारू नका. त्याच दिवशी केसवर्करला कळवा, आणि कळवणार आहात हे तिलाही सांगा.

जगण्याचा कंटाळा आल्याचं ती बोलली तर सरळ विचारा: "आत्महत्येचा विचार मनात येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" असेल तर एकटं सोडू नका आणि तिच्यासमोरच आपत्कालीन क्रमांक लावा. हा गोपनीयतेचा पहिला अपवाद.

ती आलीच नाही तर

पहिल्या दोन-तीन महिन्यांत हे होणारच. कधी झोप लागलेली नसते, कधी बाहेर पडायची हिंमत होत नाही, आणि कधी ती तुम्हाला पारखून पाहत असते: आपण नाही गेलो तर हे चिडतात का? ठरल्या जागी वीस मिनिटं थांबा. एकच मेसेज पाठवा: "आज भेट झाली नाही, हरकत नाही. पुढच्या बुधवारी त्याच वेळी मी इथेच आहे." आणि बुधवारी खरंच तिथे असा. "मी एवढ्या लांबून आले होते" हे लिहायचं नाही. सलग तीन भेटी चुकल्या, किंवा फोन अचानक बंद झाला, तर वाट न पाहता केसवर्करला सांगा.

रोजच्या गोष्टी शिकताना तीन पायऱ्या ठेवा. बँकेत पहिल्यांदा तुम्ही बोला, ती पाहील. दुसऱ्यांदा ती बोलेल, तुम्ही शेजारी असा. तिसऱ्यांदा तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा. तिला वेळ लागतोय म्हणून मध्येच फॉर्म ओढून घेणं हा हातभार नव्हे.

संस्थेच्या कार्यक्रमात तिला अनुभव सांगायला उभं करा, अशी मागणी कधीतरी येते. ती तुमच्यामार्फत पोहोचवू नका. तुम्हाला "नाही" म्हणणं तिला अवघड जातं, त्यामुळे तुमच्याकडून मिळालेली संमती खरी संमती नसते.

तुमची स्वतःची देखभाल

महिन्यातून निदान एकदा पर्यवेक्षकाशी तासभर बोला, काही घडलेलं नसलं तरी. झोप उडणं, तिच्याच विचारात दिवस जाणं, ठरल्यापेक्षा जास्त तास देणं, "माझ्याशिवाय तिचं कुणी नाही" असं वाटू लागणं ही लक्षणं गंभीर आहेत. त्याहून गंभीर लक्षण म्हणजे तिच्याबद्दलची एखादी गोष्ट पर्यवेक्षकापासून लपवावीशी वाटणं. छोटीशी उसनवारी, एखादा रात्रीचा फोन, घरी बोलावणं. तुम्हा दोघांत गुपित तयार झालं की थांबायची वेळ आली, असं समजा आणि त्याच आठवड्यात सांगून टाका.

निरोप

करारातली शेवटची तारीख सहा ते आठ आठवडे आधी बोलण्यात आणा. भेटी आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी, मग महिन्याने करा. या काळात ती चिडेल, भेटी चुकवेल किंवा नवं संकट घेऊन येईल. संकट खरं असेल तर ते केसवर्करकडे द्या, पण त्यासाठी तारीख पुढे ढकलू नका. "मी कायम तुमच्यासोबत आहे" हे वाक्य भावनेच्या भरातही उच्चारू नका. तिला असं म्हणणारी माणसं आधी भेटलेली आहेत.

मध्येच सोडावं लागलं तर निरोप दुसऱ्याच्या तोंडून पाठवू नका. स्वतः सांगा, खरं कारण थोडक्यात द्या, शक्य असेल तर तीन भेटी ठेवा आणि शेवटच्या भेटीत नव्या सोबत्याची ओळख करून द्या. शेवटच्या भेटीत काय करायचं ते तिने ठरवावं. वर्षभरात तिने स्वतःहून केलेल्या गोष्टींची यादी दोघांनी मिळून लिहिली तर ती तिच्याकडे राहू द्या.

निरोपानंतर संपर्काचा नियम संस्थेचा असेल तोच पाळा: बहुतेक ठिकाणी काही महिने अजिबात संपर्क नाही, मग तिची इच्छा असेल तर संस्थेमार्फत. वर्षा-दोन वर्षांनी तिचा थेट फोन आला तर उचला, बरं वाटलं हे सांगा, ती सुरक्षित आहे का ते विचारा. मदत हवी असेल तर संस्थेचा क्रमांक पुन्हा द्या, आणि फोन ठेवल्यावर पर्यवेक्षकाला दोन ओळींची नोंद पाठवा.